पाडव्याला सुटणारा फोन

माझे थोरले भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मात कोणत्याही गोष्टीतून अर्धवट उठले नाहीत. सिनेमा असो, कीर्तन असो, सोयऱ्यांकडचं अळणी जेवण असो की डॉक्टरनं दिलेलं कडूजहर औषध असो, एकदा सुरू केलं की ते सरेपर्यंत त्यांची सुटका नसे आणि त्यांच्याबरोबर बसलेल्यांचीही नसे. माझ्या लग्नाआधी ते ताईला आणि मला अमरावतीला सिनेमाला घेऊन गेले होते. मध्येच मशीन बिघडलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या, पैसे परत घेतले आणि घरी गेले. आम्ही मात्र काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. शेवटी झाडूवाला आला आणि त्यानं आमच्या पायाखालून झाडायला सुरुवात केली तेव्हा भाऊजी त्यालाच विचारतात, "संपला का हो?" एकदा त्यांना अमरावतीच्या स्टँडवरून दर्यापूरला जायचं होतं आणि बसले मोझरीच्या गाडीत. कंडक्टर भला माणूस, म्हणाला उतरा इथंच, दुसरी गाडी लागलीच आहे. भाऊजी म्हणाले, "तिकीट मोझरीचं काढलं ना बाप्पा! आता मोझरीले गेल्याबिगर कसा उतरू?" मग ते मोझरीला गेले, समाधीचं दर्शन घेतलं, आश्रमात मुक्काम केला, पंगतीत जेवले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले. ताई रात्रभर दारात उभी. त्यांनी तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि बैल पाहायला गोठ्यात निघून गेले.

मी अकोल्याला शाळेत शिकवत होते. आमच्या स्नेहसंमेलनाला एकदा ते सहज म्हणून आले. प्रमुख पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं की आधी पोरं गेली, मग पालक गेले, मग आम्ही शिक्षकही चहाच्या निमित्तानं एकेक करून सटकलो. मी परत येऊन पाहते तर सगळ्या मंडपात एकटे भाऊजी, मांडी घालून, पाहुण्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलेले. पाहुणे घामाघूम झाले होते. समोर माणूस आहे म्हणून त्यांना थांबता येईना आणि ते बोलताहेत म्हणून भाऊजींना उठता येईना. अखेर पाहुण्यांनीच हात जोडून विचारलं, "मी थांबू का?" भाऊजी म्हणाले, "तुमची मर्जी. मले काही घाई नाई." मी साळी, बायकोची बहीण, त्यामुळे त्यांची थट्टा करण्याचा हक्क मला ताईच्या लग्नातच मिळाला होता, आणि तो मी पुरेपूर वापरला. पण त्यांना थट्टा कळायची नाही. मी चिडवायची, ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "झालं का वं मास्तरीन? मंग चहा टाक."

त्यांची शेती अंजनगाव सुर्जीकडे, काळी जमीन, आणि त्यांचं सगळं कॅलेंडर पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. आमच्याकडे शेतावरचा गडी सालानं ठेवतात. पाडव्याला साल लागतं आणि पुढच्या पाडव्याला सुटतं. सुटताना गड्याला जेवू घालायचं, नवे कपडे द्यायचे, आणि दोघांचं जमलं तर त्याच ओट्यावर पान देऊन पुढचं साल ठरवायचं. मधूनच कोणी कोणाला सोडलं तर त्याला साल मोडणं म्हणतात, आणि साल मोडणाऱ्याचं तोंड पाहू नये असं भाऊजींचं मत. त्यांच्याकडे गोविंदा नावाचा गडी होता. ताई लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून तो होता. मिसरूड फुटत होतं तेव्हा आला आणि त्याच घराच्या आधारानं म्हातारा व्हायला लागला. दर पाडव्याला भाऊजी त्याला पान द्यायचे, तो ते कपाळाला लावून खायचा, की झालं. दोघं दिवसभर शेतात एकत्र असायचे आणि मला वाटतं दिवसाकाठी चार वाक्यंसुद्धा बोलत नसत. पण गोविंदा तापानं पडला तर भाऊजींना भाकर गोड लागत नसे.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडात फार वाईट होती. कापसाला भाव नव्हता, पाऊस धड पडत नव्हता, आणि सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. लोकांनी आधी बैल विकले, मग गडी सोडले. गावात सालाचा गडी ठेवणारं घर हुडकावं लागे. ताईनंही हात आखडता घेतला होता, भाजीला तेल पाहून टाकायची, पण गोविंदाचा विषय ती काढत नसे. आणि अशा दिवसांत आमचे भाऊजी मोबाईल फोन घेऊन घरी आले.

झालं असं की दिवाळीनंतर ते कापूस घेऊन अकोल्याला आले होते. मार्केटच्या फाटकाबाहेर एका मोबाईल कंपनीच्या पोरांनी रंगीत छत्री लावून टेबल मांडलं होतं. त्यांनी भाऊजींना खुर्ची दिली आणि चहा दिला. चहा गरम होता आणि भाऊजी तो बशीत ओतून पितात, म्हणजे उठायचा प्रश्नच नाही. तो सरेपर्यंत त्या पोरांनी सगळी योजना सांगितली. फोन फुकट, बोलणं जवळजवळ फुकट, फक्त दर महिन्याला थोडं भाडं, "आणि काका, करार फक्त एक सालाचा." या एका शब्दावर भाऊजी विरघळले. एवढी मोठी कंपनी आपल्यासारखी सालानं बांधून घेते म्हटल्यावर त्यांनी सही केली. आता दिवाळी सरली, म्हणजे पाडव्याला साल सुटणार, चार-पाच महिन्यांचाच प्रश्न आहे, असा त्यांचा सरळ हिशोब. कंपनीचं साल पुढच्या दिवाळीपर्यंत जातं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

फोनचं थोडं भाडं कसलं, पहिलंच बिल पाहून ताईनं डोक्याला हात लावला. त्यात भाऊजींच्या स्वभावानं भर घातली. कंपनीची एक बाई अधूनमधून हिंदीत बोलायची, आज का राशिफल सुनने के लिए एक दबाइए, भजन के लिए दो दबाइए. ती मशीनवरची बाई आहे हे मी त्यांना कितीदा सांगितलं. पण बाईमाणूस बोलत असताना फोन कसा ठेवायचा? ते शेवटपर्यंत ऐकायचे, मध्ये मध्ये "हौ, हौ" म्हणायचे, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून सांगेल ते बटण दाबायचे. त्यामुळे त्यांच्या फोनवर राशिभविष्य आलं, भजन आलं, क्रिकेटचा स्कोअरही आला. क्रिकेट म्हणजे काय हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

शिवाय फोन घरात लागतच नसे. गावात कुठंच लागत नसे. शेतात पिकाची राखण करायला गोविंदानं मचाण बांधलं होतं, फक्त त्याच्यावर चढलं की लागायचा. म्हणून फोन एका कापडी पिशवीत घालून मचाणावर, खांबाच्या टोकाला टांगलेला असे. वाजला की जो जवळ असेल तो चढायचा, आणि जवळ बहुतेक गोविंदा असायचा. मी शाळेतून फोन केला की वाऱ्याच्या आवाजात तोच ओरडायचा, "हालो, मी गोविंदा बोलून राहिलो! मालक खाली हायेत, चढून राहिले!" मग मी ताटकळत थांबायची, आणि पलीकडून भाऊजींच्या धापा ऐकू यायच्या. एकदा सकाळी गोविंदासाठीच फोन आला. त्याचा मुलगा पुण्याकडे बांधकामावर गेला होता, त्याचा. भाऊजी तेव्हा मचाणाखालीच होते. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडू नये म्हणून ते तडक विहिरीपर्यंत चालत गेले. गोविंदा बराच वेळ वर बोलत होता. खाली आल्यावर भाऊजींनी विचारलं, "काय म्हनते पोरगा?" गोविंदा म्हणाला, "बरा हाय म्हनते," आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

माघात एक दिवस ताईनं सगळी बिलं भाऊजींसमोर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "हे पाहा, येत्या पाडव्यापासून या घरात एकच राहते. फोन नाई तं गोविंदा. दोन्ही माह्याच्यानं होत नाई." हे बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि कोपऱ्यात तोंड करून बसली. तिला ते बोलायचं नव्हतं, मला माहीत आहे. भाऊजी मात्र निर्धास्त होते. फोनचं साल पाडव्याला सुटतंच आहे, मग काळजी कशाची? दुसऱ्या दिवशी ते अंजनगावहून एसटीनं अकोल्याला आले, जुन्या शहरात माझ्या घरी हातपाय धुतले, मोर्णा नदीचा पूल ओलांडून कंपनीच्या ऑफिसात गेले आणि मला साक्षीला घेऊन गेले.

तिथला मॅनेजर पुण्याकडचा, नुकताच बदलून आलेला, गोरागोमटा मुलगा. भाऊजी त्याला म्हणाले, "साहेब, पाडव्याले मी तुमाले सोडून राहिलो." तो दचकलाच. मी मध्ये पडून समजावून सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, "काका, बंद करता आलं असतं, पण तुमचं लॉक-इन आहे."

भाऊजी वाट पाहत राहिले. तोही गप्प, हेही गप्प. शेवटी भाऊजी म्हणाले, "लेकीन काय? पुढं बोला ना."

"नाही काका, तेच. लॉक-इन."

"हौ, लेकीन. आयकलं मी. लेकीन काय?"

आमच्या अकोल्यात अर्धा बाजार हिंदी-उर्दूत चालतो, त्यामुळे 'लेकीन' म्हटल्यावर पुढं काहीतरी येणार हे शेंबडं पोरही जाणतं. आणि भाऊजी म्हणजे वाक्य पूर्ण झाल्याशिवाय उठणारे नव्हेत. ते खुर्चीत बसून राहिले. मॅनेजर इतर गिऱ्हाइकांशी बोलला, डबा खाल्ला, पुन्हा येऊन बसला, भाऊजी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. मी शाळेला उशीर झाला म्हणून निघून गेले. संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन लेकीनच्या पुढं सरकतच नाई."

मी त्यांना नीट समजावलं की कंपनीचं वर्ष दिवाळीपर्यंत आहे, आणि त्याआधी सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं एकदम भरावं लागेल. त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला. "म्हनजे मी साल मोडून राहिलो का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आन् गोविंदा?" मी चहा टाकायला उठले. फाल्गुनात ते आणखी दोन-तीनदा येऊन गेले. दर खेपेला ऑफिसात बसायचे, मॅनेजर चहा पाजायचा, 'लॉक-इन' म्हणायचा आणि हे परत जायचे. एव्हाना तो मुलगा त्यांना पाहिलं की उठून उभा राहायला लागला होता.

शेवटी भाऊजींनीच कारण शोधून काढलं. "मास्तरीन, आपलंच चुकलं वं! गडी सोडाचा म्हनजे त्याले जेवू घातल्याबिगर सुटते का कुठी?" त्यांच्या लेखी कंपनी त्यांच्याकडे सालानं राहिली होती, आणि पंगत वाढल्याशिवाय तिला निरोप देणं म्हणजे अपमानच. त्यांनी मॅनेजरला शेतात रोडग्यांचं आवतण दिलं. मी म्हटलं, तो कशाला येतोय! पण आल्यापासून मेसची डाळ खाल्लेला तो मुलगा, रोडग्यांचं नाव ऐकून रविवारी सकाळीच हजर झाला. मीही गेले होते. गोविंदानं गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजले, ताईनं वांग्याची भाजी केली. मॅनेजर इतका जेवला की त्यानं पट्टा सैल केला. जेवण झाल्यावर भाऊजींनी त्याला दुपट्टा पांघरला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. तो बिचारा लाजून लाल झाला. आपल्याला कामावरून काढत आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही.

मग त्याला पुण्याला बायकोला फोन करायचा होता. त्यानं आपला फोन काढला, कानाला लावला, झटकला. डोक्यावर टोपी, बगलेत नारळ आणि एका हातात उंच धरलेला फोन अशा थाटात तो धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, इकडून तिकडे पळायला लागला. गोविंदा त्याला हाताला धरून मचाणाकडे घेऊन गेला. पँट फाटू नये म्हणून जपत जपत तो वर चढला, बायकोशी बोलला, आणि खाली न उतरता तिथंच बसून त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला प्रत्येक वेळी इथं चढावं लागतं?"

"हौ."

"अहो, म्हणजे आमची सेवाच इथं पोहोचत नाही! मग करार लागूच होत नाही. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगाचं? मले वाटलं मोबाईलवर उंच चढूनच बोला लागते. तुमचं टावर नाई का उंच असते?"

मॅनेजर मचाणावर बसून इतका हसला की मचाण हलायला लागलं. म्हणाला, उद्याच बंद करून टाकतो, एक पैसा भरायचा नाही. त्यावर आमच्या भाऊजींनी हात जोडले. "उद्या नोको साहेब. पाडव्याले करा. आठ दिवसांसाठी साल कावून मोडता?" ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी पदरात तोंड लपवून हसलो. गोविंदा विस्तवावर पाणी मारत होता. तो हसला नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पाडव्याला मी ताईकडेच होते. गुढी उभारली, कडुलिंब खाऊन झाला. भाऊजी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून ओट्यावर बसले होते, आणि मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. फोन सुटला होता. गोविंदा आला, नेहमीच्या जागी बसला. भाऊजींनी पान पुढं केलं. गोविंदानं हात पुढं केला नाही. खाली मान घालून म्हणाला, "मालक, औंदा मले सोडा."

भाऊजींचा हात तसाच राहिला. गोविंदा थांबत थांबत बोलला. मुलगा ज्या इमारतीवर होता तिथंच त्याला राखणदारीचं काम मिळत होतं, राहायला खोली होती, सून बाळंत व्हायची होती. मुलानं त्या सकाळच्या फोनवरच सांगितलं होतं. "तुमी माह्यासाठी अकोल्याच्या चकरा मारून राहिले होते. माह्या तोंडातून निंगेच ना." मला रडू आलं. ताई आत गेली. भाऊजी राहा म्हणाले असते तर गोविंदा राहिला असता, याबद्दल मला आजही शंका नाही, आणि त्यांनाही नव्हती. त्यांनी पान तबकात ठेवलं, त्याला हाताला धरून पाटावर बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. नवं धोतर दिलं, सुनेसाठी ताईचं लुगडं दिलं. फाट्यावर गेले, एसटी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही कितीतरी वेळ उभे होते.

पुढच्याच आठवड्यात ते अकोल्याला माझ्या दारात. मला घेऊन परत त्याच ऑफिसात. मॅनेजर उठून उभा राहिला. भाऊजी म्हणाले, "साहेब, एक फोन द्या." त्याला वाटलं थट्टा आहे. मी गोविंदाचं सांगितलं तेव्हा त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग अगदी घरच्यासारखा समजावू लागला, "काका, आता तुम्ही करारात पडूच नका. हे कार्ड घ्या, स्वस्त आहे, काही बांधीलकी नाही. नको वाटलं तर कधीही सोडता येतं."

"नाई," भाऊजी म्हणाले. "कधीबी सुटते त्याचा काय भरवसा? मले सालाचाच द्या."

त्या मुलानं पुष्कळ सांगितलं, मीही सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. फोन मचाणावरच घेणार आहे, सेवा पोहोचत नाही अशी तक्रार करणार नाही, असंही कबूल केलं. गड्याच्या सालाचे पैसे वाचले होते, ते त्यांनी फोनात घातले. त्यानंतर त्यांनी दुसरा गडी ठेवला नाही. दर रविवारी ते मचाणावर चढायचे आणि गोविंदाला त्याच्या मुलाच्या नंबरावर फोन लावायचे. दोघं पूर्वीइतकंच बोलायचे. पाऊस आला का, बैल खातात का, नातू रांगतो का, एवढं झालं की बोलणं सरायचं, आणि मग कानाला फोन लावून दोघंही नुसते बसून राहायचे. "ठेव आता," हे म्हणायचे. "तुमी ठेवा मालक," तो म्हणायचा. आधी कोणीच ठेवायचं नाही. बिल वाढत राहायचं, आणि ताई ते मुकाट्यानं भरून टाकायची.